उत्तर: $ चं बघू नंतर, आधी वर्डमधून बाहेर पडा

तुमच्या पोस्टमध्ये दोन दुखणी आहेत. ज्युनिअर मुलं इन्स्टॉलेशनच्या नोट्समधून $ (टर्मिनलमध्ये कमांडच्या आधी दिसणारं चिन्ह, कमांडचा भाग नव्हे) सकट कमांड उचलतात आणि 'कमांड नॉट फाउंड' येऊन अडकतात, आणि साहेबांना सगळं वर्डमध्येच हवंय. पहिलं किरकोळ आहे. दुसऱ्याने आमचं वाटोळं केलंय म्हणून एवढं टंकत बसलोय. (कमांड देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

$ चा निकाल लावून टाकतो. कमांड आणि तिचं आउटपुट एकाच चौकटीत दाखवायचं असेल तरच ठेवा, नाहीतर काढा. # (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, टर्मिनलमध्ये $ च्या जागी दिसतं ते) तर अजिबात नको. $ निदान एरर तरी देतो, # ने सुरू झालेली ओळ बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) कमेंट, म्हणजे नुसती टीप, समजून गिळून टाकतं, होत काहीच नाही आणि पोरगं सांगतं सर सर्व्हिस रीस्टार्ट केली. रूट म्हणून चालवायची असेल तर तसं वरच्या वाक्यात लिहा ना सरळ.

आता वर्ड. एका व्हेंडरने (नाव घेत नाही, करार अजून चालू आहे) सर्व्हर हलवायचं डॉक्युमेंट दिलं होतं, लोगो, सह्या, व्हर्जन नंबर, सगळं झकास. त्यात आरसिंकची (एका सर्व्हरवरच्या फाइली दुसऱ्यावर नेणारी) कमांड, --डिलीट (जुन्यावर नाही ते नव्यावरून पुसा) आणि --एक्सक्लूड (एवढं वगळा) दोन्ही लावलेली. एका ठिकाणी वर्डने दोन डॅशचा एक लांबडा डॅश करून ठेवला होता, तो लगेच सापडला कारण आरसिंक 'अशी फाईल नाही' म्हणून ओरडलं. पण एक्सक्लूडपुढचं फोल्डरचं नाव “ ” अशा वळलेल्या कोटमध्ये होतं. शेलला कोट म्हणून फक्त सरळ कळतात, वळलेले म्हणजे त्याच्या लेखी नावातलीच अक्षरं. त्यामुळे वगळलं गेलं ते कुठेच नसलेलं फोल्डर, आणि जे खरं वगळायचं होतं, नव्या सर्व्हरवर लोकांनी आधीच अपलोड केलेल्या फाइली, ते जुन्या सर्व्हरवर नाही म्हणून --डिलीटने साफ. एरर एकही नाही.

सपोर्टला फोन केला तर पहिला प्रश्न, 'डॉक्युमेंट तंतोतंत फॉलो केलं का?' अहो केलं म्हणूनच तर! स्क्रीनशॉट पाठवला, त्यांना कोट कोटसारखेच दिसले. टिकीट बंद. पुन्हा उघडलं तर म्हणे अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट बदलायला चेंज रिक्वेस्ट लागते आणि ती तुमच्या बाजूने यायला हवी. म्हणजे चूक त्यांच्या कागदात आणि अर्ज आम्ही करायचा. फाइली जुन्या बॅकअपमधून आणल्या, मधल्या दिवसांतल्या गेल्या त्या गेल्याच.

म्हणून माझं मत (मी डॉक्युमेंटेशनवाला नाही, सर्व्हर सांभाळणारा माणूस, पटलं तर घ्या): कमांड साध्या टेक्स्ट फाईलमध्ये द्या, वर्डमध्ये फार तर त्या फाईलचं नाव लिहा. साहेब ऐकतच नसतील तर वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये 'ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप' आहे, तिथले कोट आणि हायफनचे दोन्ही टिकमार्क काढा. आधी वळलेले कोट त्याने सरळ होत नाहीत, ते शोधून बदलावे लागतात.

< > या कंसांत बदलायच्या जागा दाखवाव्या का, हे तुम्ही विचारलंय. मॅन्युअलमध्ये [ ] म्हणजे ऐच्छिक, ... म्हणजे पुन्हा देता येतं, ठळक ते जसंच्या तसं आणि तिरकं ते आपलं घालायचं, हे सगळं वाचायला ठीक. पण पेस्ट करायच्या ओळीत < > नकोच, शेलला ती चिन्हं म्हणजे रीडायरेक्शन (इनपुट फाईलमधून घे, आउटपुट फाईलमध्ये टाक), > पुढे खऱ्या फाईलचं नाव आलं तर ती फाईल रिकामी होते. बदलायच्या जागा मी कॅपिटल अक्षरांत अंडरस्कोर घालून लिहितो आणि खाली एका ओळीत त्यात काय भरायचं ते. नमुन्याला आयपी हवा तर १९२.०.२.१० सारखा घ्या, ती रेंज डॉक्युमेंटेशनसाठीच राखून ठेवलीय, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे कागद) ५७३७ बघा. चुकून कुणाच्या खऱ्या मशीनवर जाणार नाही.

मराठीत नोट्स लिहित असाल तर कमांडला ला-ने-चा चिकटवू नका आणि वाक्याचा पूर्णविराम तिच्या शेपटीला ठेवू नका, मुलं तोही कॉपी करतात. कमांड वेगळ्या ओळीवरच. लांब ओळ \ ने तोडलीत तर त्यानंतर एकही स्पेस नको, नाहीतर ओळ जोडली जात नाही (विंडोजवाल्यांना सीएमडीत ^ आणि पॉवरशेलमध्ये बॅकटिक, म्हणजे ` हे चिन्ह).

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कमांड पाठवायचीच झाली तर आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक द्या, आणि फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर कॅपिटल केलं नाही ना ते बघा, लिनक्सला ती वेगळीच कमांड वाटते.