व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन: दोन्हींना 'पडताळणी' चालेल का?

प्रश्न असा आहे: एका तांत्रिक प्रकल्पाचा सिस्टीम्स इंजिनिअरिंगचा आराखडा मराठीत लिहिताना 'व्हेरिफिकेशन' आणि 'व्हॅलिडेशन' या दोन्हींसाठी 'पडताळणी' वापरले आहे. ते चालेल का? नसेल, तर दुसऱ्याला काय म्हणावे?

चालणार नाही. व्हेरिफिकेशनला 'पडताळणी' अगदी बरोबर बसते. बेरजेचा पडताळा बघायचा तर समोर दुसरे काहीतरी लागते, ज्याच्याशी ती ताडून पाहायची. इथे ते 'दुसरे' म्हणजे कागदावर लिहिलेली आवश्यकता (रिक्वायरमेंट). वस्तू तिच्याप्रमाणे झाली का, एवढेच पडताळणी सांगते. ती आवश्यकताच योग्य होती का, वापरणाऱ्याचे काम होणार का, हा प्रश्न व्हॅलिडेशनचा.

समजा, शेतपंपाचा ऑटोस्टार्टर, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारी पेटी, बनवायचा आहे. आवश्यकता अशी: तिन्ही फेजमधला दाब 350 ते 450 व्होल्ट असेल, तर लाइट आल्यावर 60 सेकंदांनी मोटर सुरू व्हावी. टेबलावर 349 ला सुरू होत नाही, 351 ला होते, घड्याळ 60 दाखवते. पडताळणी पूर्ण. आता 63 केव्हीएच्या एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) 5 एचपीचे दहा पंप आहेत आणि सगळ्यांना हाच स्टार्टर. लाइट आली की साठाव्या सेकंदाला दहाही मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, त्यामुळे दाब 350 च्या खाली जातो आणि सगळे स्टार्टर मोटरी बंद करतात. दाब सावरतो, 60 सेकंद मोजले जातात, पुन्हा तेच. शेवटी डीपीचा फ्यूज जातो. एकही स्टार्टर बिघडलेला नाही, चूक त्या '60' मध्ये आहे. प्रत्येक स्टार्टरची वेळ वेगळी हवी होती, पण ते वाक्य कुणी लिहिलेच नाही. महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच (म्हणजे असेच ऑटोस्टार्टर) काढायला सांगते, ते याच कारणाने.

हाच प्रकार मोठ्या प्रकल्पातही झाला आहे. 4 जून 1996 रोजी एरियान-5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात 40 सेकंदांच्या आसपास नष्ट झाले. दिशा-स्थिती सांगणारी यंत्रणा आधीच्या एरियान-4 रॉकेटवरून जशीच्या तशी घेतली होती. आडव्या वेगाशी निगडित एक 64 बिटांचा आकडा 16 बिटांत बसवताना 32,767 ची मर्यादा ओलांडली गेली. आधी राखीव यंत्रणा बंद पडली, लगेच मुख्यही, कारण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच होते. एरियान-4 च्या मार्गावर तो आकडा कधीच एवढा वाढत नसे. एरियान-5 चा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या आवश्यकतांत घातलाच नव्हता, मग पडताळणीत तो दिसणार कुठून?

म्हणून दुसऱ्यासाठी वेगळा शब्द हवाच. 'वैधीकरण' कायद्याकडे झुकते. 'प्रमाणीकरण' आधीच सर्टिफिकेशन, स्टँडर्डायझेशन आणि ओळख पटवणे अशा तीन कामांना जुंपलेले आहे. 'सत्यापन' हिंदीत व्हेरिफिकेशनलाच वापरतात, म्हणून गोंधळ वाढेल. माझे मत 'खातरजमा' या शब्दाला. खातर म्हणजे मन. ज्याला वस्तू वापरायची आहे त्याचे मन निःशंक होणे, हा अर्थ त्यात मुळातच आहे. कचेऱ्यांत कागदपत्रांच्या तपासणीलाही खातरजमा म्हणतात, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी आराखड्याच्या सुरुवातीला दोन्हींची एकेका ओळीत व्याख्या द्या आणि पहिल्या उल्लेखात 'प्रत्यक्ष वापरातील खातरजमा' असे पूर्ण लिहा.

नुसता शब्द बदलून भागत नाही, तक्ताही बदलावा लागतो. पडताळणीच्या तक्त्यात आवश्यकतेचा क्रमांक, पद्धत, टप्पा, जबाबदार माणूस आणि पुरावा हे रकाने हवेत. पद्धती चारच: पाहणी, विश्लेषण, प्रात्यक्षिक, चाचणी. आवश्यकता लिहितानाच पद्धत ठरवा. 'स्टार्टर पुरेसा मजबूत असावा' याच्यापुढे कुठलीच पद्धत लिहिता येत नाही, म्हणजे ते वाक्यच पुन्हा लिहायला हवे.

खातरजमेचा तक्ता स्वतंत्र ठेवा. त्यात आवश्यकतेच्या क्रमांकाऐवजी वापराचा प्रसंग येतो: 'रात्री दोनला लाइट आली, डीपीवरचे सगळे पंप चालू स्थितीत'. कुठे, कोणासमोर आणि कोणत्या हंगामात हेही लिहा. हा स्टार्टर पावसाळ्यात तपासून काही कळणार नाही, रब्बीचे पाणी चालू असतानाच तपासावा. आणि ही खातरजमा शेवटाला ढकलू नका. आवश्यकता गोठवण्याआधी ते कागद शेतकऱ्याला आणि वायरमनला वाचून दाखवणे हीसुद्धा खातरजमाच, आणि सगळ्यांत स्वस्त. तिथेच कुणीतरी विचारले असते, 'सगळ्यांना साठच का?'

'पडताळणी व खातरजमा' असा एकच रकाना मात्र करू नका. वेळापत्रक घसरले की शेतावरची फेरी आधी कापली जाते, आणि रकाना एकच असेल तर टेबलावरच्या चाचणीच्या सहीने तो भरलेला दिसतो.

लेखनाचे एक: शब्द स्त्रीलिंगी, म्हणून खातरजमेचा अहवाल, खातरजमेसाठी, खातरजमेत. 'खातरजमाचा' नव्हे.