आजीला विचारा, पण नीट विचारा

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंनी लिहिलंय. लेक 15 वर्षांची, शाळेतल्या सेन्कोने (विशेष गरजांच्या मुलांचं बघणारी शिक्षिका) ऑटिझम असेसमेंट करून घ्या म्हणून सुचवलंय, आणि त्याबद्दल वाचता वाचता ताईंना स्वतःचंच लहानपण दिसायला लागलं. सासूबाई म्हणतायत आपल्याकडे असलं काही नाही, पोरगी लाजाळू आहे एवढंच. नवऱ्याला भीती की एकदा शिक्का बसला की बसला.

ताई, शिक्का आधीच बसलेला असतो हो, माणूसघाणी, हट्टी, खाण्यापिण्याचे नखरे. निदान झालं तर निदान खरं नाव तरी मिळतं. (ऑटिस्टिकसाठीच्या आपल्या 'स्वमग्न' शब्दाचं मला कधी पटलं नाही, ही मुलं स्वतःत मग्न कुठे असतात, उलट खोलीतल्या ट्यूबलाइटचा आवाजसुद्धा त्यांना ऐकू येत असतो.) आणि व्हिसाची काळजी असेल तर, ऑस्ट्रेलियात हेल्थच्या अटीवरून काही कुटुंबांना त्रास झालाय हे खरं, पण युकेच्या व्हिसाला तशी अट नाही.

लेकीचा रेफरल शाळेतून किंवा जीपीकडून (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून) जाईल, एरियानुसार बदलतं. तुमचा स्वतःचा साधारणपणे जीपीकडून. तिथे बहुतेक एक्यू-10 ही ऑटिझमची छोटी प्रश्नावली देतील, 10 प्रश्न असतात, 6 किंवा जास्त मार्क आले तर पुढे पाठवायला हवं असं नाइसची (इथल्या उपचारांचे नियम ठरवणारी संस्था) गाइडलाइन सांगते. रेफरलनंतर 3 महिन्यांत असेसमेंट सुरू व्हावी असंही तीच सांगते, पण प्रत्यक्षात वर्ष वर्ष जातात, म्हणून जीपीला 'राइट टू चूज' बद्दल स्वतःहून विचारा, एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, कॉन्ट्रॅक्ट असलेला दुसरा प्रोव्हायडर निवडता येतो, फक्त इंग्लंडमध्ये. तोवर शाळेला थांबू देऊ नका, मदत गरजेवर मिळते, निदानाच्या कागदावर नाही, ईएचसीपीसाठीसुद्धा (मुलाला काय मदत द्यायची ते लिहिलेला कायदेशीर आराखडा) निदान लागत नाही.

प्रोव्हायडर ठरवताना एकच प्रश्न विचारा, मास्किंग, म्हणजे चारचौघांत आपलं वेगळेपण लपवणं, तुम्ही कसं धरता? कारण एडॉस या असेसमेंटच्या चाचणीमध्ये चित्रांच्या पुस्तकावरून गोष्ट सांगायला लावतात, दात कसे घासता ते करून दाखवायला लावतात, आणि मंडळाच्या गणपतीत 5 वर्षं नाट्यछटा केलेली आपली पोरगी ते हसत हसत करून दाखवते आणि घरी येऊन 2 दिवस अंधारात झोपते. ते 2 दिवस रिपोर्टमध्ये आले पाहिजेत. डोळ्यात बघत नाही असं लिहिलं तर हेही सांगा की मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये हे आपणच शिकवलेलं असतं, म्हणजे तिचं मूळचं काय आणि घरचं वळण काय हे त्यांना वेगळं काढता येईल. आणि घरी मराठी बोलणं बंद करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आजीशी बोलणं तेवढं तुटेल.

आता मुख्य अडचण तुमच्या असेसमेंटची. लहानपणाची माहिती लागते, म्हणजे शक्यतो तुमच्या आईची. आणि आपल्या आया काय सांगतात? "अगदी गुणी बाळ होतं, कधी त्रास दिला नाही." संपलं, ऐकणारा तेच लिहून घेणार! 'नॉर्मल होते का मी' असं विचारलं की आईला तो स्वतःच्या संगोपनावरचा आरोप वाटतो, म्हणून तसं विचारूच नका. आधीच एका निवांत रविवारी फोनवर बारीकसारीक विचारा, स्वेटर घालताना रडायचे का, लग्नाच्या पंगतीतून उठून कुठे जाऊन बसायचे, भातावर वरण ओतलेलं चालायचं की वाटीतच लागायचं, गच्चीवर एकटीच काय मांडून बसायचे. माझ्या एका मैत्रिणीच्या आईला यातूनच आठवलं की पोर 3 वर्षं एकाच स्टीलच्या ताटात जेवली आणि ते ताट काकूंच्या लग्नालासुद्धा पिशवीत घालून नेलं होतं. हे तिने 40 वर्षं कौतुकाची गोष्ट म्हणूनच सांगितलेलं. शाळेची प्रगतीपुस्तकं असतील तर शेरे फोटो काढून मागवा, 'हुशार पण वर्गात मिसळत नाही' असला एक शेरासुद्धा पुष्कळ कामाचा.

दुभाषा म्हणून नवऱ्याला बसवू नका, आई जावयासमोर काही बोलणार नाही. एनएचएस दुभाषी फुकट देते, पण आधी मागावा लागतो आणि फॉर्मवर मराठी असं स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीवाला येतो आणि आई संकोचून "हां जी, सब ठीक था" म्हणून मोकळी होते.