पाटी बदलण्याआधी वरचा मजला बघ

सदाशिव पेठ, पुणे ३०

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

लक्ष्मी रोडवरच्या तुमच्या ब्लाउजपीसच्या दुकानाबद्दलचा तुझा निरोप मिळाला. "काका, दुकानाला नवं रूप देऊ की शोरूमवाल्यांना देऊन मोकळी होऊ?" असं विचारलंस आणि खाली नव्या पाटीचं चित्र जोडलंस. चित्र सुरेख आहे. फोनवर उत्तर देता आलं असतं, पण फोनवर मी वाहवत जातो आणि कामाचं तेवढं राहून जातं. चाळीस वर्षं तुमच्या दुकानाच्या हिशेबाची खतावणी लिहिली, तेव्हा हेही लिहूनच सांगतो.

तुझ्या निरोपात "लक्ष्मी रोड आता पूर्वीसारखा राहिला नाही" हे वाक्य दोनदा आलंय. मी १९७६ साली गादीवर रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात हे वाक्य तुझ्या पणजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांचं दुःख शटरचं होतं. त्याआधी दुकानाला फळ्या असायच्या. प्रत्येकीवर खडूनं आकडा. सकाळी एकेक खाचेतून काढून भिंतीला टेकवायची, रात्री उलट्या क्रमानं लावायची, मग आडणा आणि कुलूप. एक आकडा चुकला की शेवटची फळी बसायची नाही आणि नोकराचा उद्धार व्हायचा. शटर आल्यावर म्हाताऱ्यांचं म्हणणं, की दुकानाचं गोदाम झालं. तेव्हा मला हसू आलं होतं. आता तू रस्त्याबद्दल हळहळतेस तर तुझ्यावर हसणार नाही, पण हळहळ हा काही हिशेब नव्हे, एवढं लक्षात ठेव.

हिशेब करायचा तर खालच्या पाट्या बघू नकोस. मान वर कर. अलका टॉकीजपासून सोन्या मारुतीपर्यंत एकदा पायी चाल (रहदारीच्या उलट दिशेनं, म्हणजे समोरून येणारी रिक्षा तरी दिसेल) आणि पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्या मोज. किती ठिकाणी कपडे वाळत घातलेत? किती ठिकाणी तुळस आहे?

तुमच्या दुकानावर १९८६ पर्यंत तुमचंच घर होतं. जिना मागच्या बोळातून. पाऊण वाजला की वरून आमटीच्या फोडणीचा वास खाली दुकानात यायचा आणि काउंटरवरची बाई ब्लाउजपीस बाजूला ठेवून विचारायची, "आज चिंच की आमसूल?" एक वाजता आजोबा वर जायचे, जेवायचे, वामकुक्षी काढायचे आणि चारला चहा पिऊन खाली. पुण्याच्या एक ते चारवर दुनियेनं विनोद केले, आपणही पुढे टाळ्या घेत ते सांगितले. पण त्यात आळस कमी आणि जिना जास्त होता. ज्याचं घर डोक्यावर आहे तो दुपारी दुकानात कशाला बसेल?

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी अलकाच्या चौकात आणि नारायण पेठेत शिरलं. पेठेबाहेर पडण्याची सवय पुणेकराला त्या पुरानं लावली. आधी पूरग्रस्त गेले, मग ऐपतवाले. तुमचं बिऱ्हाड कोथरूडला हललं ते मात्र पाण्यामुळे नाही, तुझ्या आजीच्या गुडघ्यांमुळे. आजोबा स्कूटरवरून येऊ लागले. जेवायला घरी जाऊन यायचं म्हणजे एवढ्या रहदारीत तास मोडायचा, म्हणून डबा आला. डबा आल्यावर पोटमाळ्यावर चटई आली. चटई आल्यावर शटर अर्धं उघडं राहू लागलं आणि दोनेक वर्षांत पूर्ण. २०१७ साली चितळे बंधूंनी एक ते चार दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा पेपरांनी ती केवढी बातमी केली! आमच्या फूटपाथवर ती क्रांती त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीच एका पितळी डब्यानं केली होती.

घर गेलं आणि वर गोदाम आलं. अनंत चतुर्दशीला हे फार जाणवतं. विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्यानं जाते. एके काळी गॅलरीत बसायला नातेवाईक महिनाभर आधी पत्र टाकायचे. तुमच्याकडे चाळीस माणसांचा पिठलं-भात व्हायचा आणि मानाचा पहिला कसब्याचा गणपती खालून गेला की गॅलरीतून गुलाल-फुलं पडायची. परवाच्या मिरवणुकीत मी वर पाहिलं. काचेआड सहा प्लास्टिकच्या पुतळ्या उभ्या होत्या, दोघींना हात नव्हते. ढोल-ताशांनी काच थरथरत होती तेवढीच हालचाल.

आता शोरूमचं बोलू. तुला वाटतं, लोकांची आवड बदलली म्हणून मोठ्या कंपन्या आल्या. आवड बदलली हे खरंच, पण निम्मं उत्तर भाडेपावतीत आहे. तुमची पागडीची जागा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं घेतलेली. महिन्याचं भाडं एखाद्या पैठणीच्या फॉल-पिकोइतकं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं आणि नंतर ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तुमच्यासारख्या दुकानांना तारलं. या रस्त्यावर जुनं इतकं टिकलं ते आपल्या रसिकतेमुळे, असं भाषणात म्हणावं. खतावणी वेगळं सांगते. पण नव्या कायद्यात एक मेख आहे. बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त वसूल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) भांडवल असलेल्या कंपन्या यांना त्याचं संरक्षण नाही. म्हणजे त्यांच्याकडून बाजारभावानं भाडं घेता येतं आणि मुदत संपली की जागा परत मागता येते. आता वाडेमालकाच्या जागी बसून विचार कर, त्याला मॅचिंग सेंटर हवं असेल की मोठी कंपनी? त्याला खलनायक करू नकोस. गळकं छप्पर तोही तुझ्या आजोबांच्या भाड्यात शाकारू शकत नव्हता.

तेव्हा शोरूमवाल्याशी एक अक्षर बोलण्याआधी वाडेमालकाकडे जा. त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला आत बसवलंस तर पोटभाडेकरू ठेवला म्हणून तो जागा खाली करून मागू शकतो. आणि पावत्यांवर नाव अजून आजोबांचंच आहे. ते होते तेव्हापासून तू गल्ल्यावर बसत होतीस, याचा कागद जमव. जीएसटीची कागदपत्रं, बँकेच्या स्लिपा, जे असेल ते. आणि वकील गाठ, माझ्यावर विसंबू नकोस. मी कारकून माणूस.

दुकान चालवायचं ठरवलंस तर माझी एक चूक तुला सांगणं भाग आहे. २००४ साली तुझ्या आजोबांना काचेचं दार आणि एसी बसवायचा आग्रह मी धरला होता. समोरच्या मोठ्या दुकानात बायका गारव्याला जातात, मग आपल्याकडे का येऊ नयेत? पैसे खर्च झाले, दार बसलं, पितळी मूठही आणली. आणि दिवाळीतला गल्ला उतरला. मला कारण सापडायला सहा महिने लागले. आपलं गिऱ्हाईक आत येऊन खरेदी करणारं नव्हतंच मुळी. ते आधी पायरीवर थांबायचं. पिशवीतून साडीचा पदर बाहेर काढायचं, रस्त्यावरूनच हाक मारायचं, "अहो, याला जाईल का काही?" आतून कुणीतरी तीन तुकडे घेऊन पायरीवर यायचं, उन्हात साडीवर धरायचं. ट्यूबलाइटखाली आमसुली चॉकलेटी दिसतो आणि मोरपंखी निळा, हे तुला मी सांगायला नको. काचेच्या दारानं ती हाकच बंद केली. दार ढकलून आत आल्यावर काही न घेता जायला मध्यमवर्गीय बाईला संकोच वाटतो, म्हणून ती आतच येत नाही. आजोबांनी पुढच्या मे महिन्यात दार काढलं आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. पितळी मूठ अजून पोटमाळ्यावर आहे.

तुझ्या चित्रात काचेचं दार आहे. म्हणून हे लिहिलं.

तुमचा खरा माल टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे रंग आहेत आणि त्या रंगांची नावं. चिंतामणी, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, अंजिरी, डाळिंबी, राणी, केतकी. ही नावं आता फक्त तुमच्याकडच्या दोन जुन्या सेल्समनना आणि पंचावन्नच्या वरच्या गिऱ्हाइकांना येतात. त्या दोघांना घेऊन बैस आणि प्रत्येक थानाचा तुकडा वहीत चिकटवून खाली नाव आणि नंबर घाल. तू म्हणालीस, अमेरिकेतली एक बाई व्हिडिओवर मॅचिंग मागते आणि रंग चुकून माल परत येतो. तिला तुकड्यांचं ते कार्ड एकदा टपालानं पाठव, पुढे ती नुसता नंबर सांगेल. कॅमेऱ्याला आमसुली कळत नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

आणि दुकानाच्या बाहेर बसून दुकान चालवणारी माणसं धरून ठेव. फॉल लावणाऱ्या नारायण पेठेतल्या बायका, बोळातला रफूवाला, सराफीकडच्या ओट्यावर मंगळसूत्र ओवून देणारे पटवेकरी. त्यांची पाटी कुठेच नाही, म्हणून रस्ता बदलला असं लिहिणाऱ्यांच्या यादीत ते कधी येत नाहीत. पण बस्ता बांधायला आलेलं कुटुंब एकाच फेरीत साडी, ब्लाउज, फॉल, दागिना सगळं उरकून परतीच्या बसच्या वाटेला लागायचं ते यांच्या जिवावर. मॉलला हे अजून जमलेलं नाही.

जुन्याचं मी कौतुक करतोय असं वाटत असेल तर थांब. त्या रस्त्यावर बायका दिवसभर खरेदी करायच्या आणि त्यांना स्वच्छतागृह नव्हतं. दुकानांत विकणारे सगळे पुरुष, परकराचं माप सांगताना बायका खाली बघायच्या. गल्ल्यावर बाई बसलेली मी आयुष्यात पाहिली ती पहिली तू. आणि दुकानाला वारसा म्हणताना जरा जपून. आपल्यापासून पाच मिनिटांवर भिडे वाडा होता. १८४८ साली फुले पति-पत्नींनी तिथे मुलींची शाळा काढली. पुढे त्याच वाड्यात गाळे आले, आणि स्मारकाची गोष्ट गाळेधारकांच्या दाव्यात वर्षानुवर्षं अडकली, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. डिसेंबर २०२३ मध्ये वाडा उतरवला. मी स्वतः त्याच्या खाली शंभरदा उभा राहून छत्री दुरुस्त होण्याची वाट पाहिली असेन, वर कधी मान केली नाही.

गिऱ्हाईक येईल कसं, हा तुझा शेवटचा प्रश्न. "पार्किंग नाही म्हणून लोक येत नाहीत" हे व्यापारी मंडळात मी तीस वर्षं ऐकलं. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हाचे वाहनतळ झाले. तुझ्या पिढीला ती वाहनतळांचीच नावं वाटतात, मूळची ती थिएटरं. आर्यन तर १९१५ चं. थिएटरं पाडून गाड्या लावल्या तरी गाड्या पुरल्या नाहीत. मग २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचं मंडई स्थानक उघडलं. त्या दिवाळीत तुझ्या दुकानात पिंपरी-चिंचवडकडच्या बायका किती आल्या, ते बिलांवरून काढ. मी पायरीवर बसून एका दुपारी अकरा मोजल्या, सगळ्या पायी, हातात पिशव्या, घाई नाही. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन म्हणून रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करते, २०२१ पासून. पहिल्या वर्षी शेजारचे दुकानदार धंदा बुडाला म्हणून कपाळाला हात लावून उभे होते. मी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला आपल्या दुकानाची पाटी पूर्ण दिसली. "वस्त्र" मधला "त्र" गळालाय.

तर पाटी बदलायला हरकत नाही. दार नको. आणि वरचा मजला गोदामातून निम्मा तरी मोकळा कर. तिथे शिवणारी दोन माणसं बसव, पंखा लाव, गॅलरी उघडी ठेव. पेठेत राहायला ये असं मी म्हणणार नाही, तुझ्या मुलाची शाळा कोथरूडला आहे. पण दुपारी वर कुणीतरी जेवायला बसेल, असं बघ.

गुरुवारी अकराला ये. किल्ली माझ्याकडे आहे. भाडेपावत्यांची हिरवी ट्रंक पोटमाळ्यावर डाव्या कोपऱ्यात, तिच्यामागे पणजोबांचा लोखंडी गज आहे. कापड वाराऐवजी मीटरनं मोजायला लागल्यावर त्यांनी त्याच्यावर कानशीनं नव्या मापाची खूण पाडून घेतली होती, ती तुला दाखवायची आहे. टॉर्च आण, वरचा दिवा गेलाय. आणि येताना डबा आण, दोघांचा.

तुझा,
खतावणीवाला काका