इंजिनातला गाळ आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. मार्च २०२२ मध्ये ११ लाख ४० हजारांना टर्बो पेट्रोल गाडी घेतली. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता मात्र कारखान्याच्या खात्यातून जातो. ३० हजार किलोमीटरची सर्व्हिस वडिलांच्या दवाखान्याच्या धावपळीत राहून गेली. ती ३४,५०० ला विजापूर रोडवरच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये केली, ऑइल आणि फिल्टर बदलल्याची हाताने लिहिलेली पावती आहे. बाकी सगळ्या सर्व्हिस कंपनीच्या सेंटरला, शेवटची डिसेंबर २०२४ मध्ये ४०,३०० ला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पैसे भरून दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. गेल्या महिन्यात तुळजापूरहून येताना ४७ हजारांवर ऑइलचा लाल दिवा लागला, खडखड आवाज आला आणि गाडी बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडून काळा गाळ दाखवला. "ऑइल वेळेवर बदललं नाही, वॉरंटी बसत नाही, हाफ इंजिनचे ३ लाख २० हजार होतील," म्हणतात. तसं लिहिलेल्या कागदावर सही करा, नाहीतर रोज ३०० रुपये पार्किंग लावू, असंही सांगितलं. मित्र म्हणतो, प्रॉडक्ट लायबिलिटीखाली ५० लाखांचा दावा ठोक. मॅडम, चूक माझीच आहे का?

उत्तर : आधी एवढंच, त्या कागदावर सही करू नका. 'ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे बिघाड' या वाक्याखाली तुमची सही आली की ती कबुली होते. पुढे तुमच्या वकिलाने कितीही घसा कोरडा केला तरी समोरून तोच कागद वर येणार. कागद घ्यावाच लागला, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : 'मजकूर मान्य नाही, फक्त प्रत मिळाली.' आणि लगेच फोटो काढून ठेवा.

दुसरं काम आजच्या आज. सर्व्हिस सेंटर आणि कंपनी, दोघांनाही ईमेल करा की इंजिन आणखी खोलू नये, धुऊ नये, आणि चेंबरमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल, ऑइल फिल्टर व चेंबरच्या तळाशी असलेली ऑइल पंपाची जाळी जशीच्या तशी ठेवावी. तुमच्यासमोर ऑइलचे दोन नमुने काढून सीलबंद करायला सांगा, बाटल्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या, एक तुमच्याकडे. चेंबर उघडताना व्हिडिओ घ्या, त्यात किलोमीटरचा आकडा आणि नंबर प्लेट दिसली पाहिजे. अशा प्रकरणांत लोक माझ्याकडे येतात तेव्हा इंजिन बहुतेक वेळा स्वच्छ धुऊन बसवलेलं असतं, आणि मग हातात फक्त भावना उरतात.

मी जाळीवर एवढा जोर का देते? गाळामुळे इंजिन बसलं असं म्हणायचं, तर गाळाने जाळी तुंबली, पंपाला ऑइल ओढता आलं नाही, बेअरिंग कोरडी फिरली आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) खराब झाला, अशी साखळी दाखवावी लागते. टॅपेट कव्हरखाली काळं दिसलं, एवढ्याने ती पूर्ण होत नाही. जाळी मोकळी निघाली, तर बिघाड पंपाचा किंवा बेअरिंगचा असू शकतो आणि गाळ नुसता साक्षीदार ठरतो.

ऑइलचा नमुना तर त्याहून बोलका. त्यात कूलंट सापडलं, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरमधून गळती आहे, आणि तुम्ही ऑइल कधी बदललं याचा तिच्याशी काही संबंध नाही. पेट्रोल जास्त सापडलं, तर इंजेक्टर तरी बिघडलाय किंवा गाडी नेहमी छोट्या फेऱ्यांवर, पुरती न तापता चाललीय. सिलिकॉन म्हणजे धूळ. मग एअर फिल्टरची विचारपूस होईल, आणि समोरचा वकील तुमच्या कारखान्यातल्या टॉवेलच्या तंतूंबद्दल विचारेल, त्याची तयारी ठेवा. नुसतं जळकं, जाड झालेलं ऑइल असेल, तर कारण जुनं ऑइल असू शकतं, चुकीचा ग्रेड असू शकतो किंवा इंजिनातले वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असू शकतो. यातलं पहिलं तुमच्या अंगावर येतं. उरलेली दोन येत नाहीत.

आता बिलं काढा. सगळी. जमलं तर सर्व्हिस सेंटरकडून गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी लेखी मागून घ्या. प्रत्येक बिलात तीन गोष्टी बघा : ऑइलचा ग्रेड, लिटर आणि फिल्टरची ओळ. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सिंथेटिक सांगितलंय आणि बिलात दुसरंच काही लिहिलंय का? मॅन्युअलमधल्या मापापेक्षा लिटर कमी आहेत का? एखाद्या सर्व्हिसला फिल्टर बदललाच नाही का? कंपनीच्याच सेंटरने कमी दर्जाचं ऑइल घातलेलं निघालं, तर तुमच्या साडेचार हजार किलोमीटरच्या उशिराची चर्चा बरीच मागे पडेल.

काचेवरचं 'पुढची सर्व्हिस' स्टिकर आणि जॉब कार्डही जपा. बहुतेक मॅन्युअलमध्ये 'खडतर वापर' असा भाग असतो : छोट्या फेऱ्या, धूळ, एसी लावून उभी गाडी, रेंगाळती वाहतूक. अशा वापराला ऑइल लवकर, बऱ्याचदा निम्म्या अंतरावर बदलायला सांगितलेलं असतं. मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाडीचा वापर खडतर नाही, असं कोण म्हणेल? कंपनीचा वकील उद्या याच पानावर बोट ठेवेल. ठेवू दे. तुमची गाडी गावात चालते हे माहीत असून त्यांच्याच सर्व्हिस सल्लागाराने दर वेळी पुढच्या १० हजारांचं स्टिकर लावलं असेल, तर ती त्यांच्या सेवेतली त्रुटी आहे.

आता राहिलेल्या सर्व्हिसबद्दल. तो उशीर झाला आहे आणि तो लपवायचा नाही. ३४,५०० ची पावती तक्रारीसोबत स्वतःहून जोडा. गॅरेजच्या मालकाकडून प्रतिज्ञापत्र घ्या, त्याने ते ऑइल ज्या दुकानातून आणलं तिथलं बिल मिळालं तर उत्तम. पण तारखांचा क्रम नीट बघा. उशीर झाला ३४,५०० ला. त्यानंतर ४०,३०० ला कंपनीच्याच सेंटरने गाडी घेतली, किलोमीटर नोंदवले, बिल लावलं, गाळाबद्दल अक्षर लिहिलं नाही. त्याच्याही नंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तुमच्याकडून पैसे घेऊन वॉरंटी वाढवली. आधीचा उशीर त्यांच्या नजरेसमोर होता. पैसे घेताना जो उशीर चालला तोच दावा आल्यावर आडवा येतो, हे ग्राहक आयोगाला पटवणं अवघड नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणात याहून मजबूत मुद्दा नाही.

बाहेरच्या गॅरेजचा मुद्दाही ते काढतील. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका, पण युक्तिवादात जरूर घ्या.

'गाळ म्हणजे मालकाचीच चूक' हे समीकरण पक्कं नाही, यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण माहीत असू द्या. टोयोटाच्या १९९७ ते २००२ या मॉडेलांमधल्या काही इंजिनांत गाळाच्या तक्रारी आल्या. सुरुवातीला रोख मालकांच्या देखभालीवरच होता. २००२ मध्ये कंपनीने अशा गाड्यांसाठी पहिल्या विक्रीपासून ८ वर्षांपर्यंत दुरुस्तीची खास योजना आणली, आणि पुढे सामूहिक दावाही तडजोडीने मिटला. सोलापूरच्या आयोगापुढे हा पुरावा होत नाही. पण तज्ज्ञाला प्रश्न विचारताना उपयोगी पडतो : देखभाल सारखी असूनही काही इंजिनं गाळ जास्त का धरतात?

तुमच्या मित्राचा सल्ला मात्र सोडून द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या उत्पादन दायित्वासाठी (तेच ते प्रॉडक्ट लायबिलिटी) 'हानी' व्हावी लागते, आणि कलम २(२२) नुसार खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान हानीत धरलं जात नाही. इंजिन फुटून तुम्हाला इजा झाली असती तर गोष्ट वेगळी. नवी गाडी मागण्याचा मोहही टाळा. मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर हक्कही तेवढाच. तुम्ही मागायचं ते हे : वॉरंटीत मोफत दुरुस्ती किंवा तिचा खर्च व्याजासह, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

तक्रारीची मांडणीही महत्त्वाची. 'गाडीत उत्पादनदोष आहे' हे पहिलं वाक्य केलंत, तर तो सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. 'वॉरंटी चुकीच्या कारणाने नाकारली' हे पहिलं केलंत, तर अपवादाचं कलम लागू होतं हे दाखवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे सरकते. विम्याच्या दाव्यांत हे तत्त्व रुळलेलं आहे, वाढीव वॉरंटीलाही ते लावा असं म्हणता येतं. उत्पादनदोष पर्यायी मुद्दा म्हणून ठेवा. वाढीव वॉरंटीचं प्रमाणपत्र कुणाच्या नावाने आहे तेही बघा. बऱ्याचदा ती वेगळ्याच कंपनीची असते. मग उत्पादक, डीलर आणि ती कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही.

हप्ता कारखान्याच्या खात्यातून जातो, म्हणून 'व्यापारी हेतू'ची, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही अशी, हरकत येईल. सीएला विचारा, गाडीचा घसारा कारखान्याच्या हिशेबात दाखवलाय का. दाखवला असला तरी लगेच घाबरायचं कारण नाही. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मर्सिडीजच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खरेदी व्यापारी हेतूची धरली नाही. गाडीत टॉवेलचे गठ्ठे नेत असाल तर मात्र मला आत्ताच सांगा.

बाकीचं सोपं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस द्या. उत्तर आलं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही इथे राहता, म्हणून कंपनीचं मुख्यालय कुठेही असलं तरी तक्रार इथेच चालते. गाडीच्या किमतीनुसार शुल्क ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची, नकाराच्या तारखेपासून मोजा. तक्रारीसोबतच इंजिन जसं आहे तसं ठेवण्याचा अंतरिम आदेश आणि प्रयोगशाळेच्या तपासणीचा अर्ज द्या. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. सल्लागाराचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासोबत लावू.

चूक तुमची आहे का, याचं उत्तर : थोडी आहे, आणि आयोग तेवढी रक्कम कापू शकतो. पण एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवली? लगेच बाजूला घेतली, की सोलापूर आता जवळच म्हणून रेटली? उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असेल. खरं उत्तर आधी तुमच्या वकिलाला सांगा, मग ते कितीही अडचणीचं असो.

पार्किंगबद्दल : केलेल्या कामाची मजुरी थकली तर गॅरेजला गाडी अडवता येते. भाडं मात्र जॉब कार्डावर आधी कबूल केलेलं नसेल तर ते असं नंतर लावता येत नाही. तेही ईमेलमध्ये लिहा, आणि जॉब कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचून मगच पाठवा.