बागुलबुवा, बाऊ, धाक, दहशत: भीती कुणाची आणि घातली कुणी?

प्रश्न असा आहे: एका अग्रलेखात ‘सरकार परकीय शक्तींचा बागुलबुवा उभा करत आहे’ असं वाक्य होतं आणि त्याच पानावरच्या दुसऱ्या लेखात ‘विरोधक महागाईचा बाऊ करत आहेत’ असं होतं. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि लोकांच्या मनातली भीती वापरून सत्ता मिळवणं किंवा टिकवणं, याला मराठीत नेमका एक शब्द आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. असं एक नाम नाही. ‘भीतीचं राजकारण’ चालतं, पण ते जरा भोंगळ आहे. ‘राजकारण’च्या चालीवर ‘भयकारण’ पाडता येईल, पण वाचणारा त्याचा अर्थ ‘भयाचं कारण’ असाच घेणार. मराठीनं हे काम क्रियापदांवर सोपवलंय. भीती घालतात, दहशत बसवतात, धाक दाखवतात, बागुलबुवा उभा करतात, बाऊ करतात, आवई उठवतात, हूल देतात. ज्याच्यावर हे सगळं गुदरतं तो धसका घेतो किंवा धास्ती खातो. यातलं कुठलं क्रियापद वापरलं ते पाहिलं की भीती कुणी घातली, कुणाची घातली आणि त्यामागे खरं काही होतं का, हे बरंचसं कळतं.

आता पहिला प्रश्न. बाऊ करायला मुळात काहीतरी असावं लागतं. रांगतं पोर पडलं की आपण ‘बाऊ झाला?’ म्हणून विचारतो, तेव्हा ओरखडा खराच असतो. फक्त तो ओरखडा असतो, फ्रॅक्चर नव्हे. थोडक्यात, बाऊ म्हणजे असलेल्या गोष्टीचं अवडंबर. बागुलबुवा मात्र मुळातच नसतो. (बागूल आडनावाच्या मंडळींनी रागावू नये.) म्हणजे ‘महागाईचा बाऊ’ म्हणणाऱ्यानं महागाई आहे हे कबूल करून टाकलं. विरोधकांनी त्याचे आभारच मानावेत. आणि ‘परकीय शक्तींचा बागुलबुवा’ म्हणणाऱ्या संपादकानं तशा शक्ती अस्तित्वातच नाहीत हे दाखवून देण्याची जबाबदारी अंगावर घेतली. त्याच्या मनात ‘आहेत, पण सांगतात तेवढ्या नाहीत’ असं असेल, तर त्यानं ‘बाऊ’ लिहायला हवं होतं.

बागुलाचा एक जुना आणि फार नेमका वापर ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त आहे. अज्ञानाचं खंडन चाललेलं असताना ते म्हणतात, त्याचा भावार्थ असा: बागूल मेला म्हणून लहान मुलानं हरखावं ते ठीक, पण ज्याला तो मुळातच नाही हे ठाऊक आहे त्यानं त्याचं मरण कसं मानायचं? विषय अध्यात्माचा आहे, पण राजकारणाला तो जसाच्या तसा बसतो. बागुलबुवा उभा करणाऱ्याला दुहेरी फायदा होतो. आधी भीती घालता येते आणि पुढे ‘मी होतो म्हणून तुम्ही वाचलात’ असंही म्हणता येतं. नसलेल्याला मारणं सोपं आणि त्याचा पुरावाही कुणी मागत नाही.

बातम्यांत हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होतात, त्याचं एक कारण मला असं वाटतं की प्रत्यक्षात ते एकमेकांना चिकटूनच येतात. इराकचं उदाहरण घ्या. ८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली की इराक खास प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याच्या खटपटीत आहे आणि त्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी आहेत. माहिती पुरवणारे होते अमेरिकी प्रशासनातलेच, नाव न सांगणारे अधिकारी. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी याच बातमीचा हवाला दिला. दुसऱ्या वाहिनीवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी बजावलं की ठोस पुराव्याची वाट पाहत बसलो, तर तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपातच समोर यायचा. सरकारनं वृत्तपत्राच्या कानात सांगितलं, वृत्तपत्रानं छापलं आणि सरकारनं ते लोकांना वाचून दाखवलं. तेही एका सकाळीत!

नळ्या खऱ्या होत्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनीसांनी त्या पाहिल्या आणि त्या साध्या तोफखान्याच्या रॉकेटसाठी आहेत, असं युद्ध सुरू होण्याआधीच सांगितलं. तरी २० मार्च २००३ ला युद्ध सुरू झालं. पुढे अमेरिकेच्याच तपास पथकानं २००४ मध्ये अहवाल दिला की महासंहारक अस्त्रांचे साठे इराकमध्ये नव्हतेच. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनंही आपलं काही वृत्तांकन हवं तितकं काटेकोर नव्हतं, असं वाचकांना कळवलं. तेव्हा इथे शब्द कुठला? माझं मत: नळ्यांचा बाऊ केला आणि त्यातून बॉम्बचा बागुलबुवा उभा केला. निखळ बागुलबुवा फार दिवस टिकत नाही, त्याला हातात धरायला एखादी खरी नळी लागते.

आता ‘धाक’ आणि ‘दहशत’. हे वेगळ्या गल्लीतले शब्द आहेत. बागुलबुवा उभा करणारा तिसऱ्याकडे बोट दाखवतो आणि स्वतः रक्षणकर्ता होऊन बसतो. धाक दाखवणारा स्वतःचीच भीती घालतो. सत्तेला या दोन्ही भीत्या लागतात आणि बऱ्याचदा एकाच वेळी लागतात. आणीबाणीत ते लख्ख दिसतं. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल इंदिरा गांधींच्या विरोधात गेला आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशवाणीवर पंतप्रधानांनी हिंदीतून सांगितलं की राष्ट्रपतींनी आपातकालाची घोषणा केली आहे, यामुळे ‘आतंकित होने का कोई कारण नहीं है’. (तेव्हा ‘आतंकित’ म्हणजे नुसतं घाबरून गेलेला. बंदुकीचा वास त्या शब्दाला पुढे चिकटला.) त्याच भाषणात खोल आणि दूरवर पसरलेल्या कारस्थानाचा उल्लेख होता. म्हणजे आमची भीती बाळगू नका, त्यांची बाळगा. त्या दशकातला ‘परकीय हात’ तर प्रसिद्धच आहे. हात होता, पण त्याला चेहरा कधी आला नाही. बागुलबुवाचं हे चोख उदाहरण. दुसरीकडे लाखाहून अधिक माणसं तुरुंगात होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि ‘मिसा लावतील’ (मिसा म्हणजे खटल्याविना तुरुंगात डांबता येणारा कायदा) हे दोन शब्द कुणालाही गप्प करायला पुरत होते. हा झाला धाक.

याच प्रकरणात एक शब्द कायद्यानं बदलला गेला, तो शब्दप्रेमींनी लक्षात ठेवावा असा आहे. राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमात आणीबाणीचं एक कारण ‘अंतर्गत अशांतता’ असं होतं. अशांतता कशालाही म्हणता येते, संपाला, मोर्चाला, विद्यार्थ्यांच्या आंदोलनाला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ते काढून तिथे ‘सशस्त्र बंड’ घातलं. भोंगळ शब्द जाऊन मोजता येईल असा शब्द आला.

‘दहशत’ मूळ अरबीतून, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. अरबीत त्याचा रोख आश्चर्यानं थक्क होण्याकडे आहे, आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं भय झालं. आज मराठी वृत्तपत्रांत हा शब्द कुणाला लावतात ते पाहा. गुंडांची ‘दहशत’ असते आणि पोलिसांचा ‘वचक’ असतो. ‘पोलिसांचा वचक राहिला नाही’ ही चक्क तक्रार असते. भीती दोन्हीकडे आहे, पण एक भीती हवीशी ठरवलेली आहे आणि ते ठरवण्याचं काम शब्दच करून टाकतो. ‘पोलिसांची दहशत’ असा मथळा शोधून पाहा, क्वचित सापडेल. खरं तर ‘दहशतवाद’ ज्या युरोपीय शब्दावरून घडवला, तो सुरुवातीला सरकारलाच उद्देशून होता. फ्रान्समध्ये १७९३-९४ साली क्रांतिकारी सरकारनं संशयितांचा कायदा करून आणि गिलोटिन चालवून जे राज्य केलं त्याला ‘दहशत’ म्हणत आणि त्या सरकारचा म्होरक्या रोबेस्पिएर पडल्यावर त्या पद्धतीला ‘वाद’ जोडला गेला. सरकारविरोधी हल्लेखोर त्या शब्दात नंतर आले आणि इतके ऐसपैस बसले की मूळ मालकाला जागाच उरली नाही.

नाव देण्यातूनही बाऊ होतो. पुण्यात दोन-तीन वर्षं ‘कोयता गँग’ गाजली. वेगवेगळ्या वस्त्यांतली, एकमेकांशी संबंध नसलेली टोळकी, बरीचशी कोवळ्या पोरांची. हल्ले खरे होते आणि ज्यांना मार बसला त्यांच्या जखमाही खऱ्या होत्या. पण ‘गँग’ हे एकवचन मथळ्यांनी पुरवलं. एका म्होरक्याची, शहरभर पसरलेली एकच संघटना असावी असं वाचणाऱ्याला वाटू लागलं. मग ‘दहशत मोडून काढण्यासाठी’ आरोपींची धिंड निघाली की टाळ्याच. धिंड कायद्यात बसते का, हा प्रश्न आतल्या पानावरही येत नाही.

इथवर मी बागुलबुवा ‘मुळातच नसतो’ असं म्हणत आलो. याला एक पुरवणी जोडायला हवी, कारण इथे हा शब्द वाटतो तितका निरागस राहत नाही. बागुलबुवातला ‘बुवा’ कोण? आपल्या घरांत पोरांना घातलेली भीती आठवा: ‘जेव, नाहीतर गोसावी येईल आणि झोळीत घालून नेईल.’ बागूल नसतो, पण तो दाखवताना चेहरा मात्र असलेल्या माणसाचा उसना घेतलेला असतो. बहुतेकदा दारावर येणाऱ्या, गावात घर नसलेल्या भटक्याचा. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून हेच सरकारी शिक्क्यानिशी केलं, अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तर त्यांना डांबायला वसाहतच होती, लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. तो कायदा १९५२ साली गेला, म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायद्याच्या यादीत नसलेल्या भटक्यांकडेही गाव त्याच नजरेनं बघत राहिलं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई मोबाइलवर फिरत होती. ‘आवई’ हा इथे अचूक शब्द आहे: उठवणारा दिसत नाही, उठलेली तेवढी दिसते. झोळीवाला पोर उचलून नेतो, ही घरातली धमकी गावानं खरी मानली. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली.

दोन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, पालघरमधल्या गडचिंचल्याला अशाच आवईनंतर दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तेव्हा आवईवर राजकारणानं पुढचा मजला चढवला. घटनेला धार्मिक रंग देणं इतकं वाढलं की राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही हे सांगावं लागलं. साधू मेले होते ते खरंच. त्यांच्या मरणाला चेहरा मात्र भलत्याच कुणाचा लावायचा चालला होता. त्यामुळे बागुलबुवा हा शब्द लिहिताना मी आता आणखी एक गोष्ट तपासतो: या वेळी चेहरा कुणाचा उसना घेतलाय?

राहता राहिलं ‘वातावरण’. ‘परिसरात भीतीचे वातावरण पसरले आहे’ हे वाक्य मराठी बातमीदाराच्या बोटांतच बसलेलं आहे. मला ते या सगळ्यांत सर्वात लबाड वाटतं. ‘घबराट पसरली’, ‘खळबळ उडाली’, ‘तणाव निर्माण झाला’ ही त्याचीच भावंडं. सगळी क्रियापदं अकर्मक, कर्ता कुणीच नाही, जणू पाऊस पडला. कधी कधी बातमीदाराला कर्ता खरंच ठाऊक नसतो, तिथे इलाज नाही. पण पुष्कळदा तो खालच्या परिच्छेदात नावानिशी बसलेला असतो. अमक्या नेत्यानं सभेत काही म्हटलं, अमक्या वाहिनीनं तीच चित्रफीत दिवसभर फिरवली. अशा वेळी ‘अमक्यानं भीती घातली’ किंवा ‘आवई उठवली’ असं सकर्मक लिहावं. वाक्य आखूडही होतं.

लिहिणाऱ्यांसाठी किरकोळ नोंदी. बागुलबुवा ‘करत’ नाहीत, उभा करतात किंवा दाखवतात. बाऊ ‘उभा’ करत नाहीत, नुसता करतात. ‘बागुलबोवा’ असंही लिहिलेलं आढळतं आणि ते चूक नाही. आणि ‘दहशतीचा बाऊ’ ही जोडी वापरताना जपून, ज्यांच्या अंगावर कोयता आला त्यांना ती फार लागते.