बोकडामागे पळणारा जॉकी, डांबराचं तळं आणि समुद्रातलं देऊळ

त्रिनिदाद आणि टोबॅगो ही कॅरिबियनच्या दक्षिण टोकाची जोडबेटं. तिथे जाऊन आलेल्या आणि जायची तयारी करणाऱ्या वाचकांनी यंदा बरंच काही विचारलंय. मी पर्यटकांचे गट घेऊन तिथे अनेकदा गेले आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देते.

टोबॅगोत ईस्टरला बोकडांची शर्यत लावतात म्हणे. बोकडावर माणूस बसतो कसा? (सातारा)

बसत नाही, मागून पळतो! टोबॅगोतल्या बकू गावात ईस्टरनंतरच्या मंगळवारी ही शर्यत होते आणि तिची परंपरा 1925 पासूनची आहे. बोकडाच्या गळ्यात दोरी, तिचं दुसरं टोक जॉकीच्या हातात. पांढरी चड्डी, रंगीत बनियन आणि बहुतेकांचे पाय अनवाणी. दोरी ताणली गेली तर बोकड अडतो आणि फार ढिली सोडली तर भरकटतो. म्हणजे जॉकीला बोकडाइतकंच वेगाने पळावं लागतं. त्यासाठी दोघांचा सराव आधीपासून सुरू असतो, बोकडांना समुद्रात पोहायलाही नेतात.

मी पाहिलेल्या एका फेरीत सगळे बोकड सुटले आणि एक काळा बोकड मात्र जागीच वळून आपल्या जॉकीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्या पोराने ओरडणं नाही की ओढणं नाही, खाली वाकून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. बोकड निघाला आणि शेवटून दुसरा आला. पहिल्या आलेल्यापेक्षा जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

त्याच दिवशी खेकड्यांचीही शर्यत असते. खेकड्याला दोरा बांधून मागून काडीने ढोसतात. शेवटची रेघ सोडून तो बाकी सगळीकडे जातो. मुलांना घेऊन जात असाल तर ती चुकवू नका.

चगुआनासच्या बाजूला घराघरांपुढे बांबूवर लाल, पिवळे, पांढरे झेंडे दिसले. निवडणूक होती का? (ठाणे)

निवडणूक नव्हे, त्या झेंड्या. तिथेही ‘झंडी’च म्हणतात. घरात पूजा झाली की अंगणात बांबू रोवून त्यावर ही निशाणं लावतात. लाल निशाण हनुमानाचं. वारा-पावसाने विरलं तरी ते काढत नाहीत, पुढच्या पूजेला शेजारी नवा बांबू उभा राहतो. घरापुढचे बांबू मोजले की त्या घरात किती पूजा झाल्या याचा अंदाज येतो.

30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 1917 पर्यंत करारावर एक लाख चाळीस हजारांच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली. 30 मेला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. तुम्हाला दुकानांच्या पाट्यांवर रामकिसून, सुकदेव, रामनारायण अशी ‘आडनावं’ दिसली असतील. मजुराचं कागदावर लिहिलेलं एकच नाव पुढे मुलांचं आडनाव होऊन बसलं.

त्याच भागात वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे. ते पाहून आलेले काहीजण माझ्याकडे तक्रार करतात की पाणीच नव्हतं, नुसता चिखल! ओहोटीला असंच होतं, भरतीची वेळ विचारून जा. पण देवळाची गोष्ट त्या चिखलातच नीट कळते. शिवदास साधू लहानपणी करारावरच्या मजूर आईवडिलांबरोबर इथे आले. 1947 मध्ये त्यांनी किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. 1952 मध्ये देऊळ पाडलं आणि साधूंना चौदा दिवसांची कैद झाली, दंडही झाला. सुटून आल्यावर ते म्हणाले, जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही. मग सायकलवरून दगड-सिमेंट आणून, ओहोटीच्या वेळी पिंपांत काँक्रीट भरत, वर्षानुवर्षं ते एकटे बांधत राहिले. लोक त्यांना वेडा म्हणत. 1970 मध्ये ते वारले. मागे राहिलेलं बांधकाम लाटांनी खाल्लं होतं, 1995 मध्ये सरकारने ते नव्याने उभं केलं. आज बांधीव वाटेने तिथे दोन मिनिटांत पोहोचता येतं. मी मात्र गटातल्या माणसांना आधी कडेच्या चिखलाजवळ थांबवते आणि त्यातून भरलेली सायकल ढकलून बघायची कल्पना करायला सांगते.

जवळच कारापिचायमाला 85 फुटी हनुमान आहे. केंद्राचं नाव दत्तात्रेय योग केंद्र. गाणगापूर-वाडीला जाणाऱ्या माणसाला हे नाव तिथे वाचून काय वाटतं, ते मी दरवेळी गटातल्या आजींच्या चेहऱ्यावर बघते.

पिच लेकचे फोटो पाहून मुलं म्हणाली, हे तर गाड्या लावायचं मैदान. एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का? (नागपूर)

जाच. ला ब्रेया गावाजवळ साधारण शंभर एकरांत पसरलेलं हे नैसर्गिक डांबराचं तळं आहे, खोली अंदाजे अडीचशे फूट. फोटोत काहीच कळत नाही, पाऊल टाकल्यावर कळतं. वरची साय घट्ट, पण एका जागी उभं राहिलं की टाच हळूच आत बसते आणि पाय उचलल्यावर ठसा राहतो. मध्येच एक बुडबुडा वर येतो, गंधकाचा वास येतो. पावसाळ्यात वळ्यांमध्ये पाणी साचतं आणि लोक त्यात डुंबतात, त्वचेला चांगलं म्हणून. फार पूर्वी बुडालेली झाडांची खोडंही कधी वर येतात.

1595 मध्ये वॉल्टर रॅली या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या जहाजांच्या फटी इथल्याच डांबराने बुजवल्या होत्या. पुढे 1876 मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर ते पडलं. आणि खुद्द ला ब्रेयातले रस्ते? लाटेसारखे वर-खाली, कारण खालचं डांबर सरकत असतं. कडेची काही घरंही कललेली दिसतील. वाटाड्या घेतल्याशिवाय तळ्यावर उतरू नका, काही जागा खरोखर मऊ आहेत.

मुलासाठी लष्करी ठिपक्यांची चड्डी घेतली आहे. चालेल ना? (पुणे)

घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने असे कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनाही सूट नाही.

शाकाहारी माणसाचं कसं होतं? (सांगली)

फार छान होतं. सकाळी रस्त्याकडेला गर्दी दिसली की समजा तिथे ‘डबल्स’ आहेत: हळद घातलेले दोन मऊ तळलेले ‘बारा’, म्हणजे आपल्या वड्याचेच भाऊबंद, आणि त्यात रस्सेदार चणे. विक्रेता ‘पेपर?’ विचारतो. ती मिरपूड नव्हे, जहाल मिरचीची चटणी असते. आपण तिखट खातो या भरवशावर राहू नका, पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ म्हणा. दुपारी रोटीच्या दुकानात ‘बस्-अप-शट’ मागा. तव्यावरच लाकडी उलथण्यांनी झोडपून पराठ्याच्या चिंध्या करतात, फाटक्या शर्टासारख्या, म्हणून हे नाव. सोबत भोपळा किंवा चणा-बटाटा.

‘मुंबईचे’ म्हटल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने गावसकरांचं नाव घेतलं आणि भाडं कमी केलं! एवढं कशामुळे? (दादर)

1971 मुळे. अजित वाडेकरांच्या संघाने तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडिजला हरवलं. गावसकरांचं ते पदार्पण, 65 आणि नाबाद 67. मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत त्याच मैदानावर त्यांनी 124 आणि 220 केल्या. हरलेल्या बेटाने रागवायचं सोडून त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या लोकसंगीतातलं गाणं, रचलं. पुढच्या वेळी त्या मैदानावर गेलात तर मडगावच्या दिलीप सरदेसाईंचीही आठवण काढा. विजयाच्या सामन्यात 112 त्यांच्या होत्या, मालिकेत 642.

कॅरोनीच्या दलदलीत लाल पक्षी नक्की दिसतात का? (रत्नागिरी)

दिसतात, पण संध्याकाळीच. स्कार्लेट आयबिस कांदळवनात रातथाऱ्याला परततात. रत्नागिरीकरांना कांदळवन नवं नाही, पण हिरव्या झाडावर दहा-दहा, वीस-वीसच्या थव्याने उतरून ते झाड मिनिटागणिक लाल होत जाताना पाहणं वेगळंच. पिल्लं करडी-तपकिरी असतात, लाल रंग खेकडे-कोळंबी खाऊन चढतो. होड्या दुपारी चारच्या सुमारास निघतात आणि पक्षी बुजू नयेत म्हणून लांबच थांबतात. दुर्बीण घेऊन जा, आणि वाटेत डोक्यावरच्या फांद्यांकडेही बघत राहा. तिथे वेटोळं घालून झोपलेला साप नावाडी बोट न दाखवता, मानेनेच दाखवतो.