दारू सुटली, पखवाजही सुटला

प्रश्न : माझे यजमान पन्नाशीचे. दारू सोडण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना नालट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी दिली आहे. तीन आठवडे दारूला शिवलेले नाहीत. पण चिडचिड वाढलीय, रात्रभर तळमळतात. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तेही बंद. ‘मजा येत नाही’ एवढंच म्हणतात. जाऊबाई सांगतात, गोळीनंच डोकं बिघडलंय, बंद कर. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : दारू सुटली की माणूस लगेच हसायला-खेळायला लागतो, असं जाऊबाईंना कुणी सांगितलं? वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू थांबली की काही आठवडे झोप उडते, मन उदास असतं. गोळी न घेताही. म्हणून मी आधी विचारतो, हे गोळीनंतर सुरू झालं, दारू थांबल्यावर, की पीत होते तेव्हाही होतंच?

तरी गोळीला मी निर्दोष ठरवत नाही. अफूसारखी द्रव्यं मेंदूत जिथे काम करतात, ती जागा ही गोळी अडवते. शरीरात आपोआप तयार होणारी, आनंद देणारी एंडॉर्फिन्स नावाची द्रव्यंही तिथेच काम करतात. दारूची गोडी त्यामुळेच कमी होते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या २०१७ सालच्या एका अभ्यासात हीच गोळी घेतलेल्या लोकांना आपलं आवडतं संगीतही फिकं वाटलं. अभ्यास अगदी छोटा होता, त्यावरून यजमानांचं निदान करता येणार नाही. पण त्यांचं बोलणं मी नाटक समजणार नाही. अस्वस्थता आणि झोप न लागणं हे या औषधाचे माहितीतले दुष्परिणाम आहेत. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवा, असंही औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गोळी रात्री घेत असतील तर सकाळी नाश्त्यानंतर चालेल का, विचारा. या गोळीची सवय लागत नाही, त्यामुळे डॉक्टर ती थांबवून दुसरं औषधही देऊ शकतात. पण जाऊबाईंच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. दारू परत सुरू झाली तर मन आणखी खचेल.

आणि यजमानांना सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो.

आणखी एक. पडले-झडले तर ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या गटातलं वेदनाशामक या गोळीमुळे नीट लागू पडणार नाही. गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पाकिटात असू द्या.